कॉलेजच्या लॅबमध्ये अँटिव्हायरस इन्स्टॉल का होत नाही? विंडोज १० चा सपोर्ट संपल्यावर हा प्रश्न मोठा का झालाय?

कॉलेजची कम्प्युटर लॅब. प्रॅक्टिकल सुरू व्हायला पंधरा मिनिटं उरली आहेत. लॅब असिस्टंट पेन ड्राइव्हमधली सेटअप फाइल एकामागून एक मशिनवर चालवतोय.

पहिल्या सहा मशिनवर अँटिव्हायरस नीट बसतो. सातव्यावर हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाते आणि तिथूनच मागे फिरते. आठव्यावर 'आधी जुना अँटिव्हायरस काढा' असा मेसेज येतो, पण प्रोग्रामच्या यादीत जुना अँटिव्हायरस दिसतच नाही. नवव्या मशिनवर लायसन्स की चालत नाही आणि कोपऱ्यातलं घड्याळ भलत्याच सालची तारीख दाखवतंय. तेवढ्यात दारात विद्यार्थ्यांची रांग लागते. 'राहू दे, नंतर बघू' म्हणत पेन ड्राइव्ह खिशात जातो.

हे 'नंतर' बहुतेक वेळा पुढच्या सेमिस्टरपर्यंत येत नाही.

एरवी ही लॅबपुरती कटकट म्हणून सोडून देता आली असती. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. देशभरातल्या कॉलेज आणि विद्यापीठांच्या लॅबमध्ये, ऑफिसात, परीक्षा विभागात अजूनही हीच विंडोज मोठ्या संख्येने चालते. ज्या मशिनवर अँटिव्हायरस बसत नाही आणि विंडोजचे अपडेटही येत नाहीत, ते मशिन आता दोन्ही बाजूंनी उघडं आहे. आणि त्याच नेटवर्कवर कुठेतरी निकाल, मार्कशीट, आधारच्या प्रती आणि फी भरल्याच्या नोंदी असतात.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

कम्प्युटर बंद पडला नाही. वर्ड उघडतं, इंटरनेट चालतं, प्रिंट निघते. म्हणूनच अनेक ठिकाणी काही बदललंय हे कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

थांबले ते सुरक्षा अपडेट. विंडोजमध्ये नवी त्रुटी सापडली की मायक्रोसॉफ्ट दर महिन्याला ती बुजवणारा अपडेट पाठवत असे. तो आता विंडोज १० ला आपोआप मिळत नाही. अँटिव्हायरस आणि विंडोजचे अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँटिव्हायरस गेटवरच्या वॉचमनसारखा, आलेल्या-गेलेल्यांना ओळखतो. पण मागची भिंतच पडली असेल तर वॉचमन गेटवर उभा राहून काय करणार?

मग सगळ्या मशिनवर विंडोज ११ टाकून का घेत नाहीत? कारण ती प्रत्येक मशिनवर बसत नाही. तिला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप लागते, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. हे प्रोसेसर बाजारात आले २०१७ च्या शेवटी. म्हणजे त्याआधी घेतलेली बहुतेक मशिन बाद. कॉलेजात मशिन तीन-चार वर्षांनी बदलत नाहीत, ती 'चालतंय तोवर' चालतात. त्यामुळे हा आकडा कुठल्याही कॉलेजच्या प्राचार्यांना घाम फोडणारा असतो.

यावर मायक्रोसॉफ्टने पैसे भरून जादा अपडेट घेण्याची सोय ठेवली आहे. शैक्षणिक संस्थांसाठी तिचा दर फार कमी आहे: पहिल्या वर्षी प्रत्येक मशिनमागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर. तीन वर्षांचे मिळून ७ डॉलर. व्यावसायिक संस्थांना पहिल्याच वर्षी ६१ डॉलर मोजावे लागतात, हे पाहिलं तर ही सवलत केवढी मोठी आहे ते कळतं. तरीही ती आपोआप मिळत नाही. कुणीतरी मशिनची यादी करून, मंजुरी घेऊन, रीतसर खरेदी करावी लागते. घोडं पेंड खातं ते इथेच.

सोशल मीडियावर 'विंडोज १० ला एक वर्ष फुकट अपडेट मिळवा' असे व्हिडिओ फिरतात. ती योजना खरी आहे, पण घरगुती वापरासाठी आहे. संस्थेच्या डोमेनला जोडलेल्या कम्प्युटरना ती लागू होत नाही. घरच्या लॅपटॉपवर जमलं म्हणून ते लॅबमध्येही जमेल असं नाही.

काही लॅबमध्ये तर अजून विंडोज ७ आहे. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. तिथे नवा अँटिव्हायरस न बसण्याचं एक ठरलेलं कारण असतं. कुठलंही सॉफ्टवेअर खऱ्या कंपनीचं आहे हे विंडोज त्याच्या डिजिटल सहीवरून ओळखते. २०१९ पासून या सह्यांची 'शा-२' ही नवी पद्धत सक्तीची झाली. ती ओळखायला शिकवणारा अपडेट ज्या विंडोज ७ वर आलेला नाही, तिला नव्या अँटिव्हायरसची अस्सल सहीसुद्धा बनावट वाटते. मशिन अँटिव्हायरसला आत घेत नाही, कारण तोच संशयित!

एरर आला, पण अडलंय कुठे?

इन्स्टॉलेशन अडलं की पहिली शंका सेटअप फाइलवर जाते. 'फाइल करप्ट आहे, परत डाउनलोड कर.' कधी कधी ते खरंही असतं. पण विद्यापीठांच्या मशिनवर खरं कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडतं.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो आधीचा अँटिव्हायरस. दोन अँटिव्हायरस एका मशिनवर नांदत नाहीत. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, एकमेकांच्या फाइलवर संशय घेतात आणि मशिन गोगलगायीच्या चालीने चालू लागतं. म्हणून नवा अँटिव्हायरस बसण्याआधी जुना आहे का ते तपासतो. गंमत अशी, की जुना काढून टाकला तरी त्याचे अवशेष मागे राहतात: एखादा ड्रायव्हर, रजिस्ट्रीतली नोंद, विंडोजच्या सुरक्षा यादीतलं नाव. यादीत दिसत नाही, पण सेटअपला सापडतो, तो हाच. यासाठी कंपन्यांनी स्वतःच सफाईची साधनं दिलेली असतात. मॅकॅफीचं 'एमसीपीआर', अवास्टचं 'अवास्ट क्लिअर', कॅस्परस्कीचं 'केएव्ही रिमूव्हर'. ज्या कंपनीचा अँटिव्हायरस होता, तिचंच साधन चालवायचं, मशिन रिस्टार्ट करायचं आणि मगच नवा टाकायचा. गरज पडली तर हे काम सेफ मोडमध्ये करावं लागतं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सेटअप थांबताना पडद्यावर एक क्रमांक येतो आणि तो कुणी लिहून घेत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलरचे काही क्रमांक वर्षानुवर्षं तेच आहेत. १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी आधीच इन्स्टॉल होतंय, ते संपू द्या. बहुतेकदा मागे विंडोज अपडेट चालू असतो. ३०१० तर एररच नाही. काम झालंय, फक्त रिस्टार्ट बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ. तरीही तो पाहून पुन्हा सेटअप चालवणारे अनेक जण असतात. १६०३ मात्र डोकेदुखी. 'काहीतरी गंभीर चुकलं' एवढंच तो सांगतो. काय चुकलं, ते टेंप फोल्डरमधल्या लॉग फाइलमध्ये शोधावं लागतं.

अधिकारांचा प्रश्न वेगळाच. अँटिव्हायरस विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसतो, त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. विद्यार्थ्यांच्या लॉगिनला तो अधिकार नसतो आणि नसायलाच हवा. पण कित्येक लॅबमध्ये तो पासवर्ड कधीकाळी मशिन पुरवणाऱ्या व्हेंडरकडे असतो आणि त्याचं कंत्राट केव्हाच संपलेलं असतं. याउलट काही ठिकाणी सगळ्याच विद्यार्थ्यांना ॲडमिनचा अधिकार दिलेला असतो. दोन्हींत धोकादायक कोणतं, हे सांगायची गरज नाही.

मग येतं नेटवर्क. हल्ली डाउनलोड होणारी सेटअप फाइल बहुधा काही एमबींची असते. खरा अँटिव्हायरस ती नंतर इंटरनेटवरून ओढते. कॅम्पसमध्ये नेट वापरण्याआधी लॉगिनचं पान उघडतं. सेटअपला ते पान वाचता येत नाही. अँटिव्हायरसच्या फाइलऐवजी तिला लॉगिनचं पान मिळतं आणि ती 'कनेक्शन फेल्ड' म्हणून मान टाकते. उपाय सोपा आहे. कंपनीच्या साइटवरून पूर्ण, म्हणजे ऑफलाइन इन्स्टॉलर घ्यायचा, किंवा नेटवर्क सांभाळणाऱ्यांना सांगून अँटिव्हायरसचे सर्व्हर फायरवॉलमध्ये मोकळे करून घ्यायचे.

आणि ते नववं मशिन, भलती तारीख दाखवणारं? त्याच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, 'सीआर २०३२'. तो संपला की मशिन बंद असताना घड्याळ चालत नाही आणि तारीख मागे जाते. सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांच्या दरम्यानच वैध असतं. मशिनच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. त्यामुळे लायसन्स तपासणारा सर्व्हर त्याला खोटा वाटतो. हजारो रुपयांचं लायसन्स एका स्वस्त सेलपायी अडतं.

रोज सकाळी गायब होणारा अँटिव्हायरस

लॅब असिस्टंटना विचारलं तर सगळ्यात चक्रावून टाकणारी तक्रार ही असते: काल टाकला होता, आज नाहीये.

याचं उत्तर टास्कबारच्या कोपऱ्यातल्या छोट्या अस्वलाच्या चिन्हात असू शकतं. ते 'डीप फ्रीझ'चं चिन्ह. विद्यार्थ्यांनी मशिनवर काहीही उद्योग केले, तरी रिस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत करणारं हे सॉफ्टवेअर लॅब आणि सायबर कॅफेंमध्ये लोकप्रिय आहे. मशिन 'गोठवलेलं' असताना अँटिव्हायरस टाकला, तर संध्याकाळी मशिन बंद होताच तोही जातो. आधी मशिन 'वितळवून', म्हणजे डीप फ्रीझ थांबवून अँटिव्हायरस टाकावा लागतो आणि मग पुन्हा गोठवावं लागतं.

एवढं केलं तरी गोष्ट संपत नाही. अँटिव्हायरसला रोज नव्या व्हायरसची माहिती लागते. ती दिवसभरात उतरते आणि रिस्टार्टबरोबर पुसली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधली सगळी मशिन एकदम तीच माहिती पुन्हा ओढायला लागतात आणि पहिल्या तासाला नेट रडतं. दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो. डीप फ्रीझमध्ये ठरावीक वेळी मशिन वितळवून अपडेट करून घेण्याची सोय असते. ती लावायची राहून गेलेली असते, इतकंच.

याचाच भाऊ शोभेल असा दुसरा घोळ क्लोनिंगचा. एक मशिन नीट तयार करायचं आणि त्याची 'घोस्ट' प्रत बाकीच्या चाळीस मशिनवर टाकायची, ही लॅबमधली जुनी रीत. वेळ वाचतो. पण त्या मूळ मशिनवर अँटिव्हायरसचा एजंट आधीच टाकलेला असेल, तर त्याचा ओळख क्रमांकही चाळीस ठिकाणी तोच जातो. मध्यवर्ती कन्सोलवर चाळीस मशिनऐवजी एकच दिसतं. कधी हे, कधी ते. कुठल्या मशिनवर व्हायरस सापडला हे कळायला मार्गच उरत नाही. प्रत घेण्याआधी तो ओळख क्रमांक पुसावा, किंवा एजंट प्रत टाकल्यानंतर बसवावा, असं कंपन्यांच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं.

बँकेत हे होत नाही, मग विद्यापीठातच का?

बँकेतल्या प्रत्येक कम्प्युटरचा मालक एकच असतो. एका जागी बसून सगळ्यांवर एकच सॉफ्टवेअर टाकता येतं. विद्यापीठात तसं नसतं. एक लॅब विद्यापीठाच्या निधीतून आलेली, दुसरी एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या अनुदानातून, तिसरी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून. प्रत्येकीची खरेदी वेगळी, व्हेंडर वेगळा, लायसन्स संपायची तारीख वेगळी. त्यात प्रयोगशाळेतल्या एखाद्या यंत्राला जोडलेलं मशिन जुन्याच विंडोजवर चालतं, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. त्याला कुणी हात लावायला तयार नसतं. तेही चूक म्हणता येत नाही.

त्यात पेन ड्राइव्ह. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायची, तोच पेन ड्राइव्ह परत लॅबमध्ये लावायचा. 'शॉर्टकट व्हायरस' हा शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात समजावून सांगावा लागत नाही. पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर लपतात, त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात, आणि त्यावर क्लिक केलं की व्हायरस पुढच्या मशिनमध्ये उतरतो.

आणि कम्प्युटर सायन्सच्या लॅबमध्ये तर अँटिव्हायरस बंद ठेवण्याचं एक 'अधिकृत' कारणच सापडतं. विद्यार्थ्याने सी मध्ये प्रोग्राम लिहिला, कंपाइल केला की नवी ईएक्सई फाइल तयार होते. जगात ती आधी कुठेच नव्हती, तिच्यावर कुणाची सही नाही. अँटिव्हायरसच्या नजरेत हे संशयास्पदच. कधी तो फाइल अडवतो, कधी थेट उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. परीक्षेच्या वेळी असं झालं की वैतागून अँटिव्हायरस बंद केला जातो आणि तो पुन्हा सुरू करायचं राहून जातं. खरं तर प्रोग्राम जिथे तयार होतात तेवढं एक फोल्डर तपासणीतून वगळता येतं.

एकाच मशिनमुळे खरंच एवढा फरक पडतो?

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाला तो पडला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे कुणीतरी फसव्या ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केलं. हल्लेखोर आत शिरले आणि दोन महिने कुणाला कळलं नाही. मधल्या काळात त्यांना सुरक्षा अपडेट न केलेले सर्व्हर सापडले आणि त्यातून त्यांनी नेटवर्कचे पूर्ण अधिकार मिळवले. त्यांची हालचाल अँटिव्हायरसच्या नजरेस आलीही होती. पण तोवर अधिकार त्यांच्या हातात होते, त्यांनी अँटिव्हायरसच काढून टाकला. २३ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीत, २६७ सर्व्हर कुलूपबंद झाले. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे जवळपास २ लाख युरो खंडणी भरली.

विद्यापीठाने नंतर हे सगळं जाहीरपणे मांडलं, चौकशीचा अहवालही प्रसिद्ध केला. असं धाडस फार कमी संस्था दाखवतात. पुढे पोलिसांना खंडणीचा काही भाग सापडला, आणि बिटकॉइनचा भाव वाढल्यामुळे २०२२ मध्ये त्याची किंमत भरलेल्या खंडणीपेक्षा जास्त, सुमारे ५ लाख युरो झाली होती. असं नशीब सगळ्यांचं नसतं. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या मेडिकल स्कूलचे सर्व्हर असेच अडकले, तेव्हा ११.४ लाख डॉलर द्यावे लागले.

भारतातलं उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या 'एम्स'ची कम्प्युटर यंत्रणा बंद पडली. एम्स हे रुग्णालय आहे तशीच स्वतः पदव्या देणारी शिक्षणसंस्थाही आहे. जवळपास दोन आठवडे केसपेपरपासून रिपोर्टपर्यंत सगळं हाताने लिहून चाललं. सरकारने संसदेत सांगितलं, की पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला होता आणि नेटवर्कची नीट विभागणी नसल्याने हल्लेखोरांचं फावलं.

त्या दिवसांतल्या बातम्यांमधला एक तपशील या विषयासाठी फार बोलका आहे. हल्ल्यानंतर यंत्रणा सावरण्याचं काम सुरू होतं, तेव्हा ५ हजारांपैकी सुमारे १,२०० कम्प्युटरवर अँटिव्हायरस टाकून झाला होता. चोवीस तास माणसं राबत असताना, देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या संस्थेत. सातव्या मशिनवर पट्टी मागे फिरण्याचा तो प्रकार हजारो मशिनवर, आणि तोही आणीबाणीत करावा लागला तर काय होतं, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

आणि अँटिव्हायरसच बिघडला तर?

तेही झालंय. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधल्या 'एसव्हीसी होस्ट' या अत्यावश्यक फाइललाच व्हायरस ठरवलं. जगभरातली मशिन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होऊ लागली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात आणि मेडिकल स्कूलमध्ये २५ हजारांपैकी ८ हजार कम्प्युटर कोलमडले. १९ जुलै २०२४ ची गोष्ट तर ताजीच आहे. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनवर निळा पडदा आणला. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यातली बरीच मशिन एकेक करून, समोर बसून दुरुस्त करावी लागली.

म्हणूनच मोठ्या संस्थांमध्ये अपडेट आधी मोजक्या मशिनवर सोडतात, एखादा दिवस बघतात आणि मग सगळीकडे पाठवतात. विद्यापीठात हे जमू शकतं. त्यासाठी आधी आपल्याकडे एकूण मशिन किती आणि कुठे आहेत, याची यादी हवी. बऱ्याच ठिकाणी घोडं नेमकं या यादीपाशीच अडतं.

विकतचा अँटिव्हायरस घ्यायलाच हवा का?

विंडोज १० आणि ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' आधीपासून असतो, फुकट. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपोआप बाजूला होतो. म्हणजे अर्धवट फसलेलं इन्स्टॉलेशन हे काहीच न टाकण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. डिफेंडर बाजूला झालेला आणि नवा धड बसलेला नाही! विंडोज सर्व्हरवर तो स्वतःहून बाजूला होत नाही, तिथे हाताने ठरवावं लागतं. विंडोज १० चा सपोर्ट संपला, तरी डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण ती वॉचमनसाठी आहे, भिंतीसाठी नाही.

साध्या लॅबसाठी अपडेट असलेली विंडोज, चालू डिफेंडर आणि विद्यार्थ्यांना ॲडमिनचे अधिकार नाहीत, एवढं असेल तर ते अर्धवट बसवलेल्या महागड्या अँटिव्हायरसपेक्षा कधीही बरं. परीक्षा विभाग आणि सर्व्हरची गोष्ट निराळी. तिथे कुठल्या मशिनवर काय चाललंय हे एका जागी दिसणं गरजेचं असतं, आणि विकतच्या उत्पादनांचा खरा उपयोग तोच आहे. नव्वदच्या दशकात पुण्यात कम्प्युटर दुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून उभी राहिलेली क्विक हील आणि मुंबईची ई-स्कॅन या दोन्ही कंपन्यांची अशी उत्पादनं आहेत. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन'ने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर याच कंपन्यांची सफाईची साधनं फुकट मिळतात. मशिनमध्ये व्हायरस आधीच असेल आणि तोच नवा अँटिव्हायरस बसू देत नसेल, तर सुरुवात तिथून करता येते.

ज्या जुन्या मशिनवर विंडोज ११ बसणार नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावर चालतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर सक्तीचं असेल, तर मात्र तिथे हा मार्ग बंद होतो.

तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपचं काय?

वरची बरीचशी कारणं तिथेही लागू आहेत. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस मुदत संपल्यावरही तसाच पडून असतो आणि दुसऱ्याला बसू देत नाही. तो आधी काढा. 'एस मोड'मधली विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. तो मोड फुकट बंद करता येतो, पण पुन्हा चालू करता येत नाही.

आणि घाईत गूगलवर शोधून पहिल्या लिंकवरून अँटिव्हायरस उतरवू नका. एप्रिल २०२४ मध्ये ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना अवास्ट, बिटडिफेंडर आणि मालवेअरबाइट्सच्या हुबेहूब नकली साइट सापडल्या होत्या. त्यावरून अँटिव्हायरस म्हणून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम दिले जात होते. क्रॅक करून 'लाइफटाइम' चालणाऱ्या अँटिव्हायरसचंही तसंच. तो टाकण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते, यातच सगळं आलं.

जबाबदारी कुणाची?

आतापर्यंत हे लॅब असिस्टंटवर ढकललं जात होतं. त्याच्याकडे ना मशिनची यादी, ना ॲडमिनचा पासवर्ड, ना खरेदीचा अधिकार. टेंडर निघतं, सर्वांत कमी दराचं लायसन्स येतं, बिल मंजूर होतं आणि फाइल बंद होते. किती लायसन्स घेतली हे कागदावर असतं. त्यातली किती मशिनवर चालू आहेत, हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

कायदा मात्र आता हे विचारणार आहे. सायबर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत कळवायचं, हा सर्ट-इनचा आदेश एप्रिल २०२२ पासून आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. लोकांचा डेटा डिजिटल स्वरूपात हाताळणाऱ्या संस्थांनी तो सुरक्षित ठेवण्याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे त्या साधारण मे २०२७ पासून लागतील. तोवर विंडोज १० च्या जादा अपडेटचं दुसरं वर्ष सुरू झालेलं असेल, मशिनमागे २ डॉलरचं.